आलो त्याच दाराने

२८ मे १९७७, शनिवारची रात्र. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातून नदी ओलांडली की केंटकी राज्यातलं साउथगेट हे गाव लागतं. तिथला ‘बेव्हर्ली हिल्स सपर क्लब’ त्या रात्री गच्च भरला होता. एकाच छताखाली अनेक दालनं, प्रत्येक दालनात वेगळी मेजवानी. सगळ्यात मोठ्या ‘कॅबरे रूम’मध्ये हजाराहून जास्त माणसं दाटीवाटीने टेबलांभोवती बसलेली. गायक जॉन डेव्हिडसन यायचा होता आणि त्याच्याआधी दोन विनोदवीर लोकांना हसवत होते. टेबलांवरच्या ताटल्या उचलणाऱ्या वॉल्टर बेली या १८ वर्षांच्या मुलाला कळलं की इमारतीच्या दुसऱ्या भागातल्या ‘झेब्रा रूम’ला आग लागली आहे.

तो तडक रंगमंचावर चढला आणि त्याने माइक हातात घेतला. आग लागली आहे, एवढंच सांगून तो थांबला नाही. उजव्या कोपऱ्यात एक दार आहे, डाव्या कोपऱ्यात एक आहे, मागे एक आहे, असं त्याने हाताने दाखवत सांगितलं. काहींना तो विनोदी कार्यक्रमाचाच भाग वाटला आणि ते बसून राहिले. पण बरेच जण उठले, खुर्च्या सरकवून दाखवलेल्या दारांकडे चालू लागले. काही मिनिटांतच दालनात धूर शिरला आणि दिवे गेले. त्या आगीत १६५ माणसं गेली. बेलीने माइक घेतला नसता तर हा आकडा कुठे पोचला असता, याची कल्पनाच केलेली बरी.

त्या रात्रीचा पुढे समाजशास्त्रज्ञांनी बारकाईने अभ्यास केला. तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. वेट्रेसनी आपापल्या टेबलांवरच्या पाहुण्यांना बाहेर काढलं होतं. ज्या टेबलांना वाढायचं काम आपलं, त्या टेबलांची जबाबदारी आपली, इतका सरळ हिशोब. एवढ्या मोठ्या इमारतीत त्यांनी आपल्या वाट्याची चारदोन टेबलं धरली आणि तिथून जवळचं दार दाखवलं.

मोठ्या इमारतींतून गर्दी सुखरूप बाहेर कशी काढायची, याचं आता एक स्वतंत्र शास्त्र झालं आहे. त्यात संगणक आहेत, गणित आहे, मोबाइल आहेत, भिंतीतले सेन्सर आहेत. पण ते सगळं बेलीने आणि त्या वेट्रेसनी केलेल्या कामाभोवतीच फिरतं : माणूस जिथे उभा आहे तिथून त्याच्या उपयोगाचं दार कोणतं, हे त्याला वेळेत कळवायचं.

आग लागली की माणसं वेडीपिशी होऊन धावत सुटतात, असं सिनेमाने आपल्या मनावर ठसवलं आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उलटंच घडतं. सुरुवातीला माणसं हलतच नाहीत. धूर दिसतो, वास येतो, घंटा वाजते, आणि माणूस शेजाऱ्याकडे बघतो. शेजारी त्याच्याकडे बघत असतो. दोघंही शांत, म्हणून दोघांनाही वाटतं की फार काही नसावं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहरात मोन्युमेंट नावाचं भुयारी रेल्वे स्टेशन आहे. तिथे गीलेन प्रू आणि जोनाथन साइम या दोन संशोधकांनी प्रवाशांना न सांगता पाच वेळा स्टेशन रिकामं करून पाहिलं. पहिल्या वेळी फक्त घंटा वाजवली. स्टेशन रिकामं व्हायला जवळपास १५ मिनिटं लागली, कारण लोक घंटा ऐकत गाडीची वाट बघत उभे होते. शेवटच्या वेळी काय झालं आहे आणि कुणी कुठे जायचं, हे ध्वनिक्षेपकावरून स्पष्ट सांगितलं. तेच स्टेशन सहा मिनिटांच्या आत मोकळं झालं.

याच साइम यांनी आइल ऑफ मॅन बेटावरच्या ‘समरलँड’ करमणूक केंद्राच्या आगीचा अभ्यास केला होता. २ ऑगस्ट १९७३च्या त्या आगीत ५० माणसं मेली. साइम यांच्या लक्षात आलं की संकटात माणूस ओळखीच्या गोष्टीकडे जातो. आधी आपली माणसं शोधतो आणि मग आपण आलो ते दार शोधतो. वाटेत ‘बाहेर’ अशी पाटी लावलेलं रिकामं दार असलं तरी त्याच्यापुढून निघून जातो. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या ‘स्टेशन’ नाइटक्लबमध्ये २० फेब्रुवारी २००३ला हेच झालं. दारं अनेक होती, पण बहुतेकांनी आलो त्याच पुढच्या दाराकडे धाव घेतली. दार तुंबलं. १०० माणसं गेली.

आपल्याकडे ‘उपहार’चं नाव निघालं की आजही घसा दाटतो. दिल्लीतलं ते चित्रपटगृह, १३ जून १९९७, दुपारचा ‘बॉर्डर’चा खेळ. तळमजल्यावरच्या वाहनतळातल्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली आणि धूर जिन्याने बाल्कनीत चढला. बाल्कनीच्या उजव्या बाजूची वाट जादा खुर्च्या बसवून बंद केलेली होती. आणीबाणीचे दिवे नव्हते. सूचना देणारा आवाज नव्हता. ५९ जण गुदमरून मेले. त्या अंधारात त्यांना दाराची दिशा दाखवणारं कुणीही नव्हतं, हे मला त्या आगीपेक्षाही भयंकर वाटतं.

आता एक छोटा हिशोब करू. असे हिशोब कागदावर सुरू होतात आणि मग संगणकावर जातात.

कुठलंही एक हजार आसनांचं नाट्यगृह डोळ्यांपुढे आणा. मागे दोन दारं, तीच लॉबीत उघडणारी, ज्यांतून सगळे आत येतात. रंगमंचाच्या दोन्ही अंगांना आणखी दोन. चारही दारं दोन-दोन मीटर रुंद. माणसं शिस्तीने चालली तर दाराच्या दर मीटर रुंदीमागे सेकंदाला साधारण १.३ माणसं बाहेर पडतात, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे एका दारातून सेकंदाला २.६, चारांतून १०.४. हजार माणसांना सुमारे ९६ सेकंद. दीड मिनिटाच्या जरा वर. छान.

पण माणसं समान वाटली जात नाहीत. समजा, आठशे जण ‘आलो त्याच दाराने’ म्हणून मागे वळले. मागच्या प्रत्येक दारावर चारशे. वेळ झाली १५४ सेकंद. रंगमंचाजवळची दारं ३८ सेकंदांत रिकामी होऊन गप्प उभी. आता आणखी एक समजा : मागच्या दोन दारांपैकी एकाला कुलूप आहे. ‘एका दारावर तिकीट तपासायला सोपं जातं’ हे कारण आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. आठशे माणसं, एक दार, ३०८ सेकंद. पाच मिनिटांच्या वर. इमारत तीच, माणसं तितकीच, पण वेळ तिपटीहून जास्त. धूर भरायला एवढा वेळ पुष्कळ होतो.

हा हिशोबही भाबडा आहे. त्यात माणसं पाण्यासारखी धरली आहेत, सगळी एकसारखी. प्रत्यक्षात आजी काठी टेकत चालते, बाप मागे राहिलेल्या मुलासाठी उलटा फिरतो, कुणी पर्स घ्यायला वाकतं. म्हणून संगणकावर वेगळी रीत वापरतात. तिला ‘सिम्युलेशन’ म्हणतात. मला नाटकवाल्यांचा ‘रंगीत तालीम’ हा शब्द जवळचा वाटतो, कारण पडदा उघडण्याआधी सगळं खऱ्यासारखं करून बघायचं, हाच तिचा उद्देश.

या तालमीची सर्वात सोपी पद्धत सारीपाटासारखी आहे. इमारतीच्या नकाशावर साधारण ४० सेंटिमीटरचे चौकोन आखायचे, एका घरात एक माणूस. प्रत्येक घरात एक आकडा, दारापासूनच्या अंतराचा. क्षणाक्षणाला प्रत्येक माणूस शेजारच्या घरांपैकी लहान आकड्याच्या रिकाम्या घरात सरकतो. जर्मनीतल्या आंद्रेआस शाडश्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१मध्ये त्यात एक सुंदर भर घातली. मुंगी जाताना जशी मागे वासाची रेघ सोडते, तशी प्रत्येक माणूस ज्या घरातून गेला तिथे एक खूण सोडतो, आणि ती काही वेळाने विरते. मागचा माणूस थोडा अंतराकडे बघतो आणि थोडा या खुणेकडे. खुणेचं वजन वाढवलं की सगळे एकामागोमाग एकाच दाराकडे जातात. ‘सगळे जातात तिकडे आपणही’ हा आपला स्वभाव असा आकड्यात उतरतो.

दुसरी पद्धत बलांची. डर्क हेल्बिंग, इलेश फर्काश आणि तमाश विचेक यांचा सप्टेंबर २०००मधला ‘नेचर’ साप्ताहिकातला लेख या विषयात पायाचा मानला जातो. त्यांच्या संगणकात प्रत्येक माणूस म्हणजे एक गोल. दाराकडे ओढणारी इच्छा, दुसऱ्यापासून अंतर राखण्याची धडपड, आणि अंग अंगाला भिडलं की होणारं घर्षण, एवढ्यावर तो चालतो. एक मीटरचं दार आणि दोनशे माणसं घेऊन त्यांनी वेग वाढवत नेला. एका मर्यादेपलीकडे माणसं जितकी घाई करत गेली, तितका दालन रिकामं व्हायचा वेळ वाढत गेला. दारापाशी माणसांची कमान तयार होते, एकमेकांत अडकलेली, आणि कुणीच सुटत नाही. नरसाळ्यातून भराभर तांदूळ ओतले की ते गळ्यापाशी अडून बसतात, तसंच. लोकलच्या दारात ‘आधी उतरू द्या’ म्हणून ओरडणाऱ्या मुंबईकराला हे ठाऊकच असतं, फक्त त्याला कुणी समीकरण विचारलेलं नसतं.

त्याच लेखात धुराने भरलेल्या, दार न दिसणाऱ्या खोलीचाही प्रयोग आहे. प्रत्येकाने एकट्याने चाचपडलं तर दार योगायोगानेच सापडतं. सगळ्यांनी इतरांच्या मागे जायचं ठरवलं तर सगळी झुंड एकाच दारावर जाते आणि दुसरं ओस पडतं. सगळ्यात जास्त माणसं सुटली ती दोन्हींचं मिश्रण होतं तेव्हा : काहींनी शोधायचं, इतरांनी त्यांच्या मागे जायचं.

इथे माहितीचा प्रश्न उभा राहतो. कुणालाही शोधावंच लागू नये, प्रत्येकाला तो असेल तिथे दार कळावं, असं करता येईल का?

खिशात फोन आहे, तेव्हा उत्तर सोपं वाटतं. पण काँक्रीटच्या छताखाली जीपीएस लंगडं पडतं, उपग्रहाचे क्षीण संकेत आत पोचत नाहीत. म्हणून इमारतीच्या आत दुसऱ्या खुणा वापरतात. एखाद्या जागी कुठल्या वाय-फाय राउटरचा संकेत किती जोरात येतो, याचा आधीच नकाशा करून ठेवायचा आणि फोनला मिळणारे संकेत त्याच्याशी ताडून बघायचे. किंवा भिंतींवर छोटे ब्लूटूथ दिवटे बसवायचे, जे सतत ‘मी अमुक खांबावर आहे’ एवढंच सांगत राहतात. बऱ्याच फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सरही असतो, त्यावरून मजला ओळखता येतो. हे सगळं रिकाम्या मॉलमध्ये छान चालतं. गर्दी झाली की बिघडतं, कारण माणसाचं शरीर बहुतांशी पाण्याचं आणि पाणी नेमके हेच संकेत शोषून घेतं. ज्या गर्दीला वाट दाखवायची, तीच वाट दाखवणाऱ्याच्या डोळ्यांवर हात ठेवते. शिवाय तीन मीटरची चूक मैदानात काहीच नाही, पण इमारतीत ती तुम्हाला भिंतीच्या पलीकडच्या जिन्यावर दाखवू शकते. म्हणून चांगल्या तालमीत माणसांच्या ठिकाणात मुद्दाम चुका घालतात, काही फोन बंद ठेवतात, काही राउटरची वीज तोडतात, आणि मग बघतात की योजना किती टिकते.

समजा ठिकाण अचूक कळलं. तरीही प्रत्येकाला ‘आत्ता सर्वात रिकामं दार’ सांगणं घातक ठरू शकतं. नाट्यगृहात बाजूचं दार रिकामं आहे हे संगणकाला दिसलं आणि त्याने सगळ्यांच्या फोनवर ते झळकवलं, तर आठशे माणसं वळून तिकडे जातील. काही क्षणांत ते तुंबेल, मग संगणक मागचं दार दाखवेल आणि गर्दी पुन्हा उलटी फिरेल. टोलनाक्यावर छोटी रांग दिसली की सगळे तिकडे गाडी घालतात आणि तीच सर्वात लांब होते, तसं. फरक इतकाच की नाक्यावर वेळ जातो. म्हणून सूचना वाटून द्यावी लागते. पुढच्या अर्ध्या रांगांतल्या लोकांनी रंगमंचाच्या बाजूला, त्यामागच्यांनी लॉबीकडे. आपल्या हिशोबात पाचशे-पाचशेची अशी वाटणी केली की वेळ पुन्हा ९६ सेकंदांवर येतो. आणि दार आत्ता किती भरलंय यापेक्षा, हा माणूस तिथे पोचेल तेव्हा ते किती भरलेलं असेल, हे आधी काढावं लागतं.

यासाठी तालीम खऱ्या घटनेपेक्षा वेगाने पळायला हवी. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या स्टेडियमवर ‘हर्मीस’ नावाच्या प्रकल्पात हेच करून पाहिलं. दारांवरून किती माणसं गेली याची मोजणी थेट संगणकात, आणि पुढच्या १५ मिनिटांत गर्दी कुठे साचेल याचा अंदाज सुरक्षा कर्मचाऱ्यांच्या पडद्यावर. इथे प्रेक्षकांच्या फोनला हात लावायची गरज पडली नाही. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. वाट दाखवायला ‘कोण’ कळावं लागत नाही, ‘किती’ कळलं तरी पुष्कळ काम होतं. नाशिकच्या २०१५च्या सिंहस्थात निलय कुलकर्णी या शाळकरी मुलाने आणि त्याच्या साथीदारांनी ‘अशिओतो’ नावाची चटई रस्त्यात अंथरून वरून जाणारी पावलं मोजली होती. त्याच नाशिकमध्ये २००३च्या कुंभात चेंगरून ३९ जण गेले होते. त्या चटईला कुणाचं नाव ठाऊक नव्हतं.

फोन हाताशी नसेल, चार्ज संपला असेल, मूल कडेवर असेल, तर काय? ग्रीनिच विद्यापीठातल्या एडविन गलीया यांच्या गटाने भिंतीवरच्या पाट्यांचा विचार केला. अनोळखी इमारतीत आणीबाणीत किती जणांना बाहेरची पाटी दिसते, हे त्यांनी मोजलं. नेहमीची पाटी फक्त ३८ टक्के लोकांच्या लक्षात आली. ज्यांच्या लक्षात आली त्यांनी ती जवळपास न चुकता मानली. म्हणजे लोक ऐकत नाहीत हा समज खोटा. त्यांना दिसतच नाही. मग त्यांनी पाटीतला बाण हलता, लुकलुकता केला. हेच प्रमाण ७७ टक्क्यांवर गेलं. जो रस्ता धुराने बंद झाला त्याच्या पाटीवर लाल फुली उमटते. अशा पाटीला स्वतःची जागा पक्की माहीत असते, म्हणून माणसाचं ठिकाण शोधायची खटपट वाचते. माझा कल फोनपेक्षा या भिंतींकडे आहे.

आणि सगळ्यांना कळायलाही लागत नाही. जर्मनीतल्या कलोन शहरात दोनशे माणसांना एका दालनात मनाला येईल तसं चालायला सांगितलं. अट एकच : एकमेकांपासून हाताच्या अंतरावर राहायचं, बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. त्यांतल्या दहा जणांना गुपचूप एक ठिकाण सांगून ठेवलं होतं. ते दहा जण चालत राहिले आणि बाकी गर्दी नकळत त्यांच्यामागे तिथे पोचली. दोनशेत दहा. एवढी माणसं जाणती असली तरी पुरली.

चुकीची माहिती मात्र माहिती नसण्यापेक्षा वाईट. ११ सप्टेंबर २००१ला न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांपैकी उत्तर मनोऱ्यावर पहिलं विमान आदळलं तेव्हा दक्षिण मनोऱ्यातली बरीच माणसं खाली निघाली होती. नऊच्या सुमारास ध्वनिक्षेपकावर सूचना आली की ही इमारत सुरक्षित आहे, जागेवर परत जावं. काहीजण परत वर गेले. नऊ वाजून तीन मिनिटांच्या सुमारास दुसरं विमान तिथे आदळलं. सूचना देणाऱ्याला त्या घडीला जे माहीत होतं त्यावरून ती दिली होती. म्हणून तालमीत आता हेही तपासतात की दिलेली सूचना फिरवायची वेळ आली तर ती किती सेकंदांत फिरवता येते.

या सगळ्या आकड्यांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. यांतले बरेचसे युरोप-अमेरिकेतल्या माणसांना चालायला लावून काढलेले आहेत. कानपूरच्या आयआयटीतले उज्ज्वल चट्टराज आणि पार्थ चक्रवर्ती यांनी जर्मनीच्या आर्मिन सायफ्रीड यांच्याबरोबर २००९मध्ये तोच प्रयोग दोन्ही देशांत करून ताडून पाहिला. भारतीय माणसं एकमेकांच्या जास्त जवळून चालली आणि दाटी वाढली तरी त्यांचा वेग जर्मनांइतका पडला नाही. शिस्तीत चालणाऱ्यांपेक्षा विस्कळीत चालणारे जास्त माणसं पुढे नेत होते, याचं संशोधकांनाही नवल वाटलं. पण म्हणून निर्धास्त राहता येत नाही. चौरस मीटरला सातच्या आसपास माणसं झाली की गर्दी पाण्यासारखी होते, तिच्यातून लाटा जातात, माणूस स्वतःच्या पायांवर राहत नाही. चेंगराचेंगरीत बहुतेक जण तुडवले जाऊन मरत नाहीत, छाती फुगवायला जागा उरत नाही म्हणून उभ्या-उभ्या गुदमरतात. आणि मागच्याला पुढचं काही कळत नसतं. २९ सप्टेंबर २०१७ला मुंबईत परळ आणि एल्फिन्स्टन रोड ही स्टेशनं जोडणाऱ्या पुलावर पावसामुळे माणसं जिन्यावर थांबली होती आणि मागून गाड्यांतून उतरलेली माणसं येतच राहिली. २३ जण गेले. मागच्याला पुढे काय चाललंय ते कळवण्याची तिथे काहीच सोय नव्हती.

लहानपणी मी आत्यासोबत नाटकाला गेलो होतो, तेव्हा दुसऱ्या अंकात वीज गेली. रंगमंच काळा, प्रेक्षागृह काळं, मागून कुजबूज वाढत चाललेली. मग बाजूच्या वाटेवर एक पिवळा ठिपका उमटला. डोअरकीपरची बॅटरी होती ती. त्याने उजेड आमच्या रांगेच्या टोकाला जमिनीवर धरला आणि मोठ्याने म्हणाला, “आय रांग, माझ्या उजेडावर पाय ठेवत या. बाकीचे बसा, मी येतोय.” आम्ही गेलो. तो परत फिरला आणि पुढच्या रांगेवर उजेड धरला. आत्याने बाहेर आल्यावर माझा हात सोडला, तेव्हा तिच्या बांगड्यांचे वळ माझ्या मनगटावर उमटले होते.

आज एखादं नाट्यगृह संगणकावर घेतात तेव्हा अभियंता आधी प्रयोगाच्या दिवशी तिथे जाऊन उभा राहतो. नकाशात चार दारं असतात. तो चारही दारं ढकलून बघतो. रंगमंचाजवळच्या दाराबाहेर जुन्या नेपथ्याच्या चौकटी रचून ठेवलेल्या दिसतात, मागच्या एकाला कुलूप आणि त्याची चावी व्यवस्थापकाच्या ड्रॉवरमध्ये. संगणकात मग तो दोनच दारं उघडी टाकतो आणि हजार ठिपके सोडतो. पडद्यावर ते ठिपके दारापाशी साचत, लाल होत जातात. तिसऱ्या घंटेला अजून अर्धा तास असतो. तो लॅपटॉप उघडाच ठेवून व्यवस्थापकाला बोलावतो, ते लाल ठिपके दाखवतो आणि चावी मागतो.